कॉर्व्हेट: गाडी तगली की नाव तगलं?

शंकासुर
मंडळी, जुन्या अमेरिकन गाड्या म्हटलं की मस्टँग आणि कॉर्व्हेट ही दोन नावं हटकून येतात. मस्टँगवर बोलणारे पुष्कळ, म्हणून आज कॉर्व्हेट घेऊ.

कहाणी थोडक्यात अशी. महायुद्धावरून परतलेल्या अमेरिकन सैनिकांनी युरोपात एमजी, जॅग्वार अशा नेटक्या दोन-सीटर गाड्या पाहिल्या होत्या. डेट्रॉइटकडे तसलं काही नव्हतं. जनरल मोटर्सच्या डिझाइन विभागाचा सर्वेसर्वा हार्ली अर्ल १९५१ मध्ये वॉटकिन्स ग्लेनच्या शर्यतीला गेला, तिथे त्याच्या डोक्यात किडा वळवळला आणि गुपचूप काम सुरू झालं. प्रकल्पाचं नाव ठेवलं 'ओपेल', म्हणजे बाहेरच्याला वाटावं की जर्मनीतल्या ओपेलसाठी काहीतरी चाललंय. १७ जानेवारी १९५३ ला न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-अस्टोरिया हॉटेलात 'मोटोरामा' प्रदर्शनात गाडी लोकांनी पाहिली. ३० जूनला मिशिगनमधल्या फ्लिंटच्या कारखान्यातून पहिली गाडी बाहेर पडली.

गाडी विकायची ती जनरल मोटर्सच्याच शेव्हरोले या ब्रँडखाली. नाव सुचवलं शेव्हरोलेच्या प्रसिद्धी विभागातल्या मायरन स्कॉटने. नाव 'सी'ने सुरू व्हावं असं ठरलं होतं म्हणतात, तर याने डिक्शनरीतली 'सी'ची पानं चाळली आणि एका लहान युद्धनौकेच्या प्रकाराचं नाव उचललं.

आता माझा मुद्दा. पहिल्या वर्षीची गाडी बघा. आत सहा सिलिंडरचं 'ब्लू फ्लेम' इंजिन, १५० हॉर्सपॉवर, आणि स्पोर्ट्स कार म्हणवणाऱ्या गाडीला दोन गिअरांचा ऑटोमॅटिक! किंमत ३,४९८ डॉलर. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. १९५४ मध्ये ३,६४० गाड्या बनवल्या, त्यातल्या बऱ्याच शोरूममध्ये पडून राहिल्या. १९५५ ला तर जेमतेम ७००. कुठल्याही हिशेबाने ही गाडी तिथेच संपायला हवी होती. ती तगली ती नावामुळे आणि दिसण्यामुळे, यंत्रामुळे नव्हे, असं माझं मत आहे. बोला.

पुणेरी_पाटी
वाचतोय. (पार्किंगला जागा नसल्याने घेण्याचा विचार नाही.)

गॅरेजवाला
शंकासुर, साफ असहमत. नावाने गाडी विकली जात असती तर १९५४ ला विकली गेली नसती का? नाव तेच होतं, दिसायलाही तीच होती. १९५५ ला बदललं काय? बोनेटखाली २६५ घनइंचाचं व्ही-८ आलं. आणि समोर फोर्डची थंडरबर्ड उभी राहिली. पहिल्याच वर्षी तिच्या १६,१५५ गाड्या खपल्या. शेव्हरोलेवाल्यांनी गाडी बंद केली असती तर जगाने म्हटलं असतं, फोर्डला घाबरून पळाले. त्यांना तगवलं ते शेजाऱ्याने!

अवलिया
गॅरेजवाला +१. शेजारी फ्रीज आला की आपल्याकडे येतोच.

खारा_वारा
नावावरून धागा निघालाय तर थोडं खारं पाणी शिंपडतो. नौदलात बरीच वर्षं काढली आहेत.

कॉर्व्हेट म्हणजे फ्रिगेटपेक्षा लहान युद्धनौका. गाडीच्या जाहिरातीत 'चपळ, वेगवान' असं काय काय लिहीत, पण स्कॉटच्या काळात कॉर्व्हेट म्हटलं की लोकांना आठवायच्या त्या महायुद्धातल्या 'फ्लॉवर' वर्गाच्या. अटलांटिकवर मालवाहू जहाजांच्या ताफ्यांना सोबत करायच्या. देवमासे मारायच्या जहाजाच्या आराखड्यावरून बांधलेल्या, घाईत, लहान-लहान गोद्यांमधून. वेग १६ नॉट (म्हणजे ताशी १६ सागरी मैल). ज्या जर्मन पाणबुड्यांच्या मागे धावायचं त्या पाण्यावर आल्या की १७ च्या वर पळायच्या! आणि डोलायच्या इतक्या की ओल्या गवतावर ठेवली तरी कॉर्व्हेट डोलेल असं खलाशी म्हणत.

तेव्हा शंकासुर, पहिल्या वर्षीच्या गाडीला हे नाव अगदी शोभलं. दिसायला लढाऊ, पळायला बेताची, पण नेटाने टिकली.

शंकासुर
हाहा, दंडवत घ्या. पण स्कॉटने डिक्शनरी वाचली होती, समुद्र कुठे पाहिला होता! छापलेल्या अर्थात छोटी, चपळ, सशस्त्र असं वजन आहे ना, तेवढं पुरतं. गिऱ्हाईक काय नॉट मोजायला येतो?

खारा_वारा
तेही खरंच. अवांतर: त्या फ्लॉवर वर्गातल्या काही नौका पुढे रॉयल इंडियन नेव्हीकडे आल्या. एकीचं नाव आसाम, एकीचं गोंडवन आणि एकीचं चक्क 'मराठा'. म्हणजे मराठा नावाची कॉर्व्हेट होऊन गेली आहे, तीही गाडीच्या आधी. आणि पुढे आपल्या माझगाव डॉकने 'खुकरी' बांधली, १९८९ मध्ये ती नौदलात आली. २०२१ अखेर निवृत्त झाली, आता दीवला उभी आहे. गुजरात फिरायला जाणाऱ्यांनी जरूर बघावी.

पुणेरी_पाटी
मराठा नावाची कॉर्व्हेट! आता हा धागा दोनशे प्रतिसाद घेणार.

रेषा
विषय आवडला, कारण मी हेच काम करते (गाड्यांचं नाही, घरगुती उपकरणांचं, पण माती, फोम आणि क्लायंटचे बदल सगळीकडे सारखेच).

"हार्ली अर्लने डिझाइन केली" हे वाक्य मला नेहमी खटकतं. अर्ल कल्पना मांडायचा, माणसं निवडायचा, मातीच्या पूर्ण आकाराच्या मॉडेलसमोर उभा राहून इथे खाली घ्या, तिथे ताणा असं सांगायचा. गाडीचं मातीचं मॉडेल करायची पद्धत या धंद्यात रुजवली तीच त्याने. पण कॉर्व्हेटचा सांगाडा मांडला रॉबर्ट मॅकलीन नावाच्या तरुण अभियंत्याने, आणि त्याची रीत मजेशीर होती. सहसा गाडीची मांडणी पुढून, इंजिनापासून सुरू व्हायची. याने मागच्या अ‍ॅक्सलपासून सुरुवात केली. आधी मागची चाकं, त्यांच्या लगेच पुढे माणसं, मग उरलेल्या जागेत इंजिन जितकं मागे आणि खाली ढकलता येईल तितकं. म्हणून तो लांब बोनेट आणि आखूड शेपटीचा तोल आला. चाकांमधलं अंतर १०२ इंच. जॅग्वार एक्सके-१२० चंही १०२ इंचच. योगायोग म्हणा हवं तर.

खाली मात्र सगळं घरचंच. नेहमीच्या शेव्हरोलेचे सस्पेन्शनचे भाग, नेहमीचं इंजिन जरा तापवलेलं. म्हणजे कपडे युरोपचे, हाडं मिशिगनची.

मुक्ता_मिशिगन
रेषा, फार छान. इथे ऑगस्टमध्ये वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर 'ड्रीम क्रूझ' असते, हजारो जुन्या गाड्या दिवसभर रस्त्यावर. आम्ही घडीच्या खुर्च्या, थर्मास आणि चिवडा घेऊन बसतो. तिथे एका आजोबांची ५४ ची पांढरी कॉर्व्हेट जवळून पाहिली. दार उघडायला बाहेरून कडीच नाही! आजोबांनी आत हात घालून आतला खटका ओढला. मी विचारलं, काच वर असेल तर? म्हणाले काचच नाही. दाराला खाली-वर होणारी काच नव्हतीच त्या गाड्यांना. पाऊस आला की डिकीतून प्लॅस्टिकचे पडदे काढून दाराच्या वर खोचायचे, आणि दार उघडायचं तर त्या पडद्याच्या फटीतून हात घालायचा. समोरच्या दिव्यांवर मात्र सुबक तारेची जाळी, शर्यतीच्या गाडीसारखी.

आजीबाई शेजारच्या खुर्चीत बसून विणत होत्या. त्यांनी फक्त मान हलवली. पडद्यांचा विषय घरात जुना असावा.

गॅरेजवाला
मुक्ताताई, हीच तर गंमत. तीन-साडेतीन हजार डॉलर मोजणाऱ्याला पाऊस नको असतो, पडदे तर नकोच. थंडरबर्डला काचा होत्या, त्या खाली-वर व्हायच्या. कॉर्व्हेटला त्या १९५६ ला आल्या, बाहेरच्या कड्याही तेव्हाच. मग बघा विक्री कशी सुधारली. यात नावाचा काय संबंध?

बरं, बॉडीबद्दल कोणीच बोललं नाही अजून. फायबरग्लास! पत्र्याची बॉडी करायची तर साचे पाडायला वेळ आणि पैसा दोन्ही लागणार. मोटोरामात दाखवायची गाडी फायबरची केली होती, लोकांना आवडली, तशीच विकायला काढली. ओहायोतल्या अ‍ॅश्टाब्यूला गावात तुकडे बनायचे, एका गाडीचे ४६ तुकडे, ते फ्लिंटला हाताने चिकटवायचे. पहिल्या वर्षी ३०० गाड्या झाल्या आणि तीनशेच्या तीनशे पांढऱ्या, आतून लाल, टप काळा. कामगार शिकत होते, त्यात रंग बदलायची चैन कुठली?

आणखी एक. पत्र्याच्या गाडीत बॉडीच अर्थिंग असते, कुठलीही वायर जवळच्या बोल्टला बांधली की झालं. फायबरमधून वीज जाणार कशी? प्रत्येक दिव्याला, प्रत्येक गेजला वेगळी अर्थिंगची वायर. ती सुटली की दिवा बंद. पण याच गुणाचा त्यांनी फायदाही करून घेतला: रेडिओची एरियल डिकीच्या झाकणात आतून जाळी घालून लपवली. पत्र्याच्या झाकणात ते जमलंच नसतं.

फायबरवर काम केलेल्याला ठाऊक आहे, चीर पडली की ठोकून काढता येत नाही. घासा, कापड-रेझिन लावा, लांबी (म्हणजे पुट्टी) भरा, परत घासा. आमच्याकडे एकदा एक फायबरचा बंपर आला होता, आधीच्या कोणीतरी लांबीचा एवढा जाड थर दिलेला की तो लांबीचाच बंपर झाला होता.

तळेगावकर
धाग्यात तळेगाव आणल्याशिवाय राहवत नाही. जनरल मोटर्सचा कारखाना आमच्या इथे २००८ ला सुरू झाला. स्पार्क, बीट इथेच बनायच्या. २०१७ अखेर देशातली विक्री बंद, पण लेफ्ट हँड ड्राइव्हची बीट मेक्सिकोला जायची ती २०२० च्या डिसेंबरपर्यंत चालू होती. पुढे ती जागा ह्युंदाईने घेतली. शेव्हरोलेचं ते बो-टायचं चिन्ह रोज छातीवर लावून कामाला जाणारे आम्ही, कॉर्व्हेट मात्र कॅलेंडरवरच पाहिली.

आणि हे जुनं नातं आहे बरं का. १९२८ मध्ये जनरल मोटर्सने मुंबईत शिवडीला गाड्या जुळवायचा कारखाना काढला होता. कॉर्व्हेटचा जन्म व्हायच्या पाव शतक आधी शेव्हरोले मुंबईत जुळत होती.

शंकासुर
तळेगावकर, शिवडीचं बऱ्याच जणांना माहीत नसतं, आभार. कॉर्व्हेट उजव्या स्टिअरिंगची कधी आलीच नाही ना इतकी वर्षं?

तळेगावकर
आठव्या पिढीपर्यंत नाही. २०२० ची जी इंजिन मागे असलेली आली, ती पहिली कारखान्यातून उजव्या स्टिअरिंगची निघाली. जपान, इंग्लंड, ऑस्ट्रेलियासाठी.

अवलिया
चिन्हाची गोष्ट सांगू का? गाडीवर एकमेकांवर तिरपे ठेवलेले दोन झेंडे असतात. एक शर्यतीचा चौकटींचा, दुसरा लाल. रॉबर्ट बार्थोलोम्यू या डिझायनरने मूळ चिन्हात दुसरा झेंडा अमेरिकेचा राष्ट्रध्वज काढला होता. विकायच्या मालावर राष्ट्रध्वज वापरायला परवानगी नाही हे मोटोरामाच्या अगदी चार दिवस आधी कोणाच्या तरी लक्षात आलं. झाली पळापळ. राष्ट्रध्वज काढून लाल झेंड्यावर शेव्हरोलेचा बो-टाय आणि एक फ्रेंच लिलीचं चिन्ह टाकलं. का तर लुई शेव्हरोलेचं नाव फ्रेंच. माणूस जन्मला स्वित्झर्लंडमध्ये, पण घाईत एवढं कोण बघतो!

आजही ती लिली आहे म्हणे.

पुणेरी_पाटी
चार दिवस आधी लोगो बदलला. आमच्या क्लायंटच्या मानाने फारच सभ्य माणसं.

रेषा
+१०० पाटी. आणि चार दिवसांत केलेलं चिन्ह सत्तर वर्षं टिकलं. सहा महिने बैठका घेतल्या असत्या तर एखादा भयंकर गोळा तयार झाला असता.

चक्रमादित्य
मला तर मस्टँगची नावाची गोष्ट जास्त भावते. गाडी बनत असताना तिला 'कूगर' म्हणत होते, जाळीतल्या चिन्हातही तो प्राणी होता. मध्येच 'टोरिनो' ठरलं होतं, इटलीची हवा यावी म्हणून. पण तेव्हा हेन्री फोर्ड दुसरे यांचं एका इटालियन बाईंशी प्रकरण सुरू होतं आणि घटस्फोट चालू होता. इटालियन नावाने आणखी चर्चा नको म्हणून ते रद्द! मग जाहिरात एजन्सीने प्राण्यांच्या नावांची यादी केली, त्यातून मस्टँग. कोणी म्हणतो महायुद्धातल्या पी-५१ मस्टँग या लढाऊ विमानावरून, कोणी म्हणतो घोड्यावरून. १७ एप्रिल १९६४ ला न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात आली, पहिल्याच दिवशी २२ हजार ऑर्डरी. आणि जर्मनीत ते नाव क्रुप कंपनीच्या ट्रककडे होतं. क्रुपने दहा हजार डॉलरला विकायची तयारी दाखवली, फोर्डने नाही म्हटलं आणि तिकडे वर्षानुवर्षं गाडी 'टी-५' नावाने विकली. बोला, नावाचं महत्त्व किती, दहा हजारसुद्धा नाही!

गॅरेजवाला
मस्टँग स्पोर्ट्स कार नव्हे. फोर्डच्याच फॅल्कन गाडीच्या चासीवरची चार-सीटर. धागा स्पोर्ट्स कारचा आहे. (हलकेच घ्या.)

चक्रमादित्य
मग दोन गिअरांचा ऑटोमॅटिक स्पोर्ट्स कार का? (तुम्हीही हलकेच घ्या.)

खारा_वारा
लागली आग. पॉपकॉर्न कुठे मिळेल?

मुक्ता_मिशिगन
भांडण बाजूला ठेवून: डंटॉव्हचं नाव अजून आलंच नाही, हे बरोबर नाही. झोरा अर्कस-डंटॉव्ह. जन्म १९०९, ब्रसेल्स. आईवडील रशियन ज्यू, शिक्षण बर्लिनमध्ये. युद्धाच्या धामधुमीत अमेरिकेत आला. मोटोरामात त्याने ही गाडी पाहिली, दिसण्याने वेडा झाला आणि शेव्हरोलेचा मुख्य अभियंता एड कोल याला पत्र लिहिलं. मे १९५३ मध्ये नोकरीला लागला. डिसेंबरमध्ये त्याने वरिष्ठांना एक टिपण पाठवलं, त्याचा आशय असा की तरुण पोरं जुन्या फोर्डची इंजिनं तासून पळवतात, फोर्डची मासिकं वाचतात, मोठी झाली की फोर्डच घेतात. शेव्हरोलेला ती पोरं हवी असतील तर त्यांना पळवायला काहीतरी द्या.

१९५६ च्या जानेवारीत डेटोनाच्या वाळूवर त्याने स्वतः कॉर्व्हेट ताशी १५० मैलांवर नेली. १९५७ ला फ्युएल इंजेक्शन आलं, २८३ घनइंचातून २८३ हॉर्सपॉवर. १९६० मध्ये फ्रान्समधल्या ल मान्सच्या २४ तासांच्या शर्यतीत ब्रिग्ज कनिंगहॅमच्या संघाची कॉर्व्हेट आपल्या गटात पहिली आली. शेवटी इंजिन इतकं तापलं होतं की थांब्यावर बोनेट उघडून त्यावर बर्फ ओतत होते.

आणि इंजिन ड्रायव्हरच्या मागे हवं हा हट्ट त्याने साठच्या दशकापासून धरला होता. नमुने बनत राहिले, कंपनी नाही म्हणत राहिली. तो १९९६ मध्ये गेला, त्याच्या अस्थी केंटकीतल्या बोलिंग ग्रीनच्या कॉर्व्हेट संग्रहालयात ठेवल्या आहेत. इंजिन मागे गेलं ते २०२० च्या गाडीत.

शंकासुर
मुक्ताताई, पण तुम्ही माझाच मुद्दा सांगितलात! डंटॉव्ह कशाने ओढला गेला? दिसण्याने. आत काय आहे ते बघून तो निराशच झाला असणार. रूपाने अभियंता आणला, अभियंत्याने गाडी वाचवली.

गॅरेजवाला
रूप मान्य. नाव नाही.

रेषा
रूपाचं निघालंच आहे तर १९६३ ची कॉर्व्हेट 'स्टिंग रे' घ्या (स्टिंग रे हा एक सपाट मासा). माझ्या मते अमेरिकेने काढलेली सर्वात देखणी गाडी. अर्ल निवृत्त झाल्यावर त्याच्या खुर्चीत बिल मिचेल आला. १९५७ मध्ये कंपन्यांनी शर्यतीत भाग न घेण्याचं ठरवलं, तेव्हा डंटॉव्हच्या शर्यतीच्या गाडीची एक चासी पडून होती. मिचेलने ती एका डॉलरला विकत घेतली, वर नवीन बॉडी चढवली आणि शेव्हरोलेचं नाव न लावता स्वतःच्या खिशातून शर्यतीत उतरवली. ती 'स्टिंगरे रेसर'. तिच्यावरून लॅरी शिनोडाने रस्त्यावरची गाडी आकाराला आणली. आधीचं रेखाटन पीटर ब्रॉक या कोवळ्या पोराचं.

मागची काच मधोमध एका कण्याने दोन भागांत चिरलेली. बोनेटपासून शेपटीपर्यंत एक सलग कणा जायला हवा, ही मिचेलची अट. डंटॉव्ह म्हणाला मागचं दिसत नाही, काढा. दोघांची कडाक्याची भांडणं झाली. ६३ ला मिचेल जिंकला, ६४ ला कणा गेला.

गॅरेजवाला
आणि लोकांनी काय केलं माहितीये? ६३ ची गाडी घेऊन तो कणा कापून ६४ ची एकसंध काच बसवली, म्हणजे गाडी नवी दिसेल! आज त्या दुभंगलेल्या काचेलाच बाजारात सगळा भाव. किती जणांनी स्वतःच्या हाताने कापून पैसे वाया घालवले असतील.

डंटॉव्ह बरोबर होता तरीही. आरशात मधोमध काळा पट्टा घेऊन गाडी मागे घेऊन बघा एकदा.

रेषा
आपण सौंदर्याबद्दल बोलत होतो, रिव्हर्सबद्दल नाही :)

अवलिया
मिचेलची शार्कची गोष्ट राहिली. त्याने म्हणे समुद्रात मासेमारी करताना माको शार्क पकडला, पेंढा भरून ऑफिसच्या भिंतीवर लावला आणि हुकूम सोडला की नमुना गाडीचा रंग हुबेहूब या माशासारखा हवा, वर गडद निळा, पोटाकडे पांढुरका. रंगारी दमले, कितीही केलं तरी साहेब नाही म्हणायचे. शेवटी रात्री त्यांनी मासाच उतरवून गाडीच्या रंगाने रंगवला आणि परत टांगला. सकाळी साहेब खूश!

चक्रमादित्य
ही गोष्ट खरी वाटत नाही, पण खोटी ठरू नये अशी फार इच्छा आहे.

पुणेरी_पाटी
रंगाऱ्यांना साष्टांग.

खारा_वारा
बघा, जहाज झालं, मग सपाट मासा झाला, मग शार्क झाला. गाडी रस्त्यावरची, नावं सगळी समुद्रातली. शेवटी जमिनीनेच दावा साधला: १२ फेब्रुवारी २०१४ ला त्या बोलिंग ग्रीनच्या संग्रहालयात रात्रीत जमीन खचली आणि आठ कॉर्व्हेट खड्ड्यात गेल्या. खाली चुनखडीच्या गुहा आहेत त्या भागात. तीन दुरुस्त केल्या, बाकीच्या तशाच चेचलेल्या ठेवल्यात, आणि आता लोक तिकीट काढून त्याच बघायला जातात.

नवखा_वाचक
पहिलाच प्रतिसाद. सगळा धागा वाचला. मूळ प्रश्न राहूनच गेला ना? नाव वेगळं असतं तर काय झालं असतं?

गॅरेजवाला
नवखा, स्वागत. त्याचं उत्तर शेव्हरोलेनेच देऊन ठेवलंय. १९५४ च्या मोटोरामात कॉर्व्हेटची भावंडं म्हणून दोन नमुने दाखवले होते. एक 'नोमॅड', कॉर्व्हेटचीच स्टेशन वॅगन. दुसरी उतरत्या टपाची, तिचं नाव 'कॉर्व्हेअर'. त्या बनल्या नाहीत. पण कॉर्व्हेअर हे नाव १९६० मध्ये एका वेगळ्याच गाडीला दिलं, इंजिन मागे असलेल्या छोट्या गाडीला. 'सी'ने सुरू, कानाला जवळजवळ तसंच, तीच कंपनी, तेच शोरूम. सुरुवातीच्या मॉडेलांचं मागचं सस्पेन्शन वळणावर दगा देतं म्हणून ग्राहकांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या राल्फ नेडरने तिला धारेवर धरलं, आणि १९६९ ला ती बंद झाली. नावाने तारायचं असतं तर तिलाही तारलं असतं.

शंकासुर
कॉर्व्हेअरचा दाखला चांगला आहे, पण उलटाही वाचता येतो. 'स्टिंग रे' हे नाव ६३ ला दोन शब्दांत आलं, ६८ ला गायब, ६९ ला एका शब्दात परत, ७६ नंतर परत गायब, २०१४ ला परत हजर. बॉडी बदलली, इंजिन बदललं, कारखाना फ्लिंटहून सेंट लुइसला आणि तिथून बोलिंग ग्रीनला गेला, शेवटी इंजिनाची जागाही बदलली. या सगळ्यात एकच गोष्ट कोणी हलवली नाही: कॉर्व्हेट हे नाव. मी ऐकत नाहीये.

गॅरेजवाला
फायबरसुद्धा हलवलं नाही. पत्र्याची कॉर्व्हेट आजवर विकायला आली नाही. मीही ऐकत नाहीये.

रेषा
ह्या दोघांना एका गाडीत बसवा. दोन-सीटरच आहे.

नवखा_वाचक
हाहा. आणि त्या स्कॉटला नाव सुचवल्याबद्दल काय मिळालं?

मुक्ता_मिशिगन
गाडी वगैरे मिळाल्याचं काही वाचनात नाही. माणूस मूळचा ओहायोतल्या डेटनच्या वर्तमानपत्रातला छायाचित्रकार. १९३३ मध्ये पोरांना खोक्यांच्या घरगुती गाड्या उतारावरून पळवताना पाहिलं आणि त्यातून 'सोप बॉक्स डर्बी' ही शर्यत उभी केली. अमेरिकेत त्याचं नाव त्या पोरांच्या शर्यतीसाठीच जास्त घेतात. शेव्हरोले त्या शर्यतीची प्रायोजक, तिथूनच तो कंपनीत आला. कॉर्व्हेट संग्रहालयाने त्याचा सन्मान केला तो २००२ मध्ये, तो गेल्यानंतर.

चक्रमादित्य
थंडरबर्ड हे नाव सुचवणाऱ्या फोर्डच्या डिझायनरला निदान कपडे मिळाले. २५० डॉलरचा सूट बक्षीस होता, त्याने ९५ डॉलरचा घेतला आणि वर एक जादा पँट मागून घेतली म्हणतात.

गॅरेजवाला
घ्या! व्यवहारज्ञान फोर्डकडेच.

पुणेरी_पाटी
जादा पँट मागणारा आमच्या पेठेतला असणार.